मास्तरांची बॅटरी

आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरात खर्रा उजळ माथ्यानं खाता येईल असा एकच ओटा आहे, मास्तरांच्या घराचा. अट एवढीच, आधी आ करायचा. वासुदेवराव मास्तर बॅटरी मारून प्रत्येकाच्या तोंडात डोकावतात, गाल ताणून बघतात आणि मगच म्हणतात, "खाय आता. तुया जीव, तुयी मर्जी."

काय वल्ली आहे सांगू तुम्हाला! नागरिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, पण स्वातंत्र्याचा धडा अजून संपला नाही. दारू असो, गांजा असो, नाहीतर आमचा सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा, सरकारनं कशावरच बंदी घालू नये, हे त्यांचं मत. कुणी विरोध केला की शड्डू ठोकलाच. "काहून? मोठ्या मानसाच्या तोंडाले सरकार कुलूप लावन काय? उद्या म्हनन, तिखट खाऊ नका." तिखटाचं नाव निघालं की आमच्याकडे समोरचा गारच होतो.

आणि गंमत म्हणजे स्वतः मास्तर सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत. विचारलं तर, "मायी मर्जी."

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान ओट्यासमोरच, म्हणजे मी रोजचा गडी. परवा बॅटरी माझ्या डाव्या गालाशी थांबली ती हलेचना. आत पांढरा चट्टा होता.

मी उसनं हसून म्हणालो, "सर, आता तरी सोड म्हना."

"नाई म्हननार. पन डॉक्टरले दाखोव."

मी विषय टाळला. खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दुकानाशी हजर. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी.

"अमरावतीले चाललो, तोंडाच्या डॉक्टरकडे. तू ये नाईतं नको येऊ, तुयी मर्जी. खिडकीची जागा धरून ठेवतो."

"पन तुमाले काय झालं, सर?"

मास्तरांनी पिशवी काउंटरवर ठेवली.

"खर्र्यासाठी लहान्या भावाले लई मारलं होतं मी. मंग तो लपून खाये. तोंड सडलं, पन माया धाकानं दाखोवलं नाई त्यानं. समजलं तवा काई उरलं नोतं."

मी शटर ओढलं.

बसमध्ये मास्तर कंडक्टरशी स्वातंत्र्यावर तावातावानं भांडत होते. सगळी बस ऐकत होती. आणि त्यांच्या एका हातानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी त्यांनी ते सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही.