आतला पैलवान

"पैलवान, उठू नगंस रं! गिऱ्हाईक हाय!"

वाईच्या बाजारात दत्तूतात्यांच्या तांब्यापितळेच्या दुकानात अनोळखी माणसानं पाय ठेवला, की तात्या आधी मागच्या पडद्याकडं तोंड करून हे ओरडत आणि मग "या, बसा" म्हणत. पडद्याआडून घुमणारा, जाडजूड खोकला येई. गिऱ्हाईक दचकून तिकडं बघे. पडद्यापाशी दोन पायताणं दिसत, एवढी मोठी की मांजरानं त्यात संसार थाटावा. मग ते बिचारं घासाघीस न करता तांब्या घेऊन निघून जाई.

माझं शिवणकामाचं दुकान बरोबर समोर. त्यामुळं आत पैलवान नाही हे मला ठाऊक होतं. आत होत्या गोदाकाकू, तात्यांची बायको. अंगानं एवढ्या बारीक, की त्यांची चोळी मी दुसऱ्यांच्या उरलेल्या कापडात शिवून देई. तात्यांची हाक आली, की काकू हातातलं काम टाकून रिकाम्या हंड्यात तोंड घालत आणि खोकत.

चोराची एवढी धास्ती मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. घाटावर आलेला परका माणूस घागर पिशवीत घालून एस.टी.त बसला, तर त्याला शोधायचं कुठं, हा तात्यांचा कायमचा घोर. "दुकानात एकटं बसावं, पर एकटं दिसू नये," हे त्यांचं शास्त्र, आणि ते बाजारभर फुकट वाटत. त्यांच्या सांगण्यावरून फुलवाल्या पारूबाईंनी टोपलीमागं पुरुषी छत्री टेकवून ठेवली होती. मला म्हणाले, "तू दोन कप च्या मागवत जा. एक तुला, एक आतल्याला."

"आत कोण हाय, तात्या?"

"ते चोराला काय म्हाईत?"

दुसरा कपही मलाच प्यावा लागे आणि पित्त खवळे.

पायताणांना तात्या दर आठवड्याला तेल लावत. बाजारातले टवाळ विचारत, "तात्या, पैलवान दूध किती पितो?" तात्या गंभीरपणे सांगत, "तुमच्या म्हशीला झेपायचं न्हाई."

मग एका हिवाळ्यात तो खोकला हाकेची वाट बघेनासा झाला. दुकानात गिऱ्हाईक नसे, तात्या गप्प बसलेले असत, आणि पडद्याआड खोकला चालूच असे. "पैलवान लय जागा हाय आज," म्हणून बाजार हसला. मीही हसलो. पुढं माझ्या लक्षात आलं, की आवाज घुमत नाही. तोंड हंड्यात नव्हतं. उन्हाळा लागायच्या आत काकू गेल्या. जन्मभर या माणसानं पुढचं दार राखलं, आणि जायचं ते आतूनच गेलं. मला फार संताप आला होता. कुणाचा, ते आजही सांगता येत नाही.

दिवसकार्य उरकून तात्यांनी दुकान उघडलं. परका माणूस आला, तात्यांनी हाक मारली, पडदा गप्प. तरी हाक काही थांबली नाही. भामट्यांना अशा गोष्टी लवकर कळतात. एक जण भाव विचारत बसे, दुसरा हात साफ करी. भर दुपारी समई गेली, मग घंगाळ गेलं. आधीच लोकांना स्टीलच्या भांड्यांचं वेड लागत चाललेलं, त्यात ही गळती. दुकान बसणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

शेवटी आम्ही शेजारच्यांनी तालमीतला एक खराखुरा पैलवान गाठला. त्यानं दिवसभर आत लोळत पडायचं आणि दुपारी तात्यांबरोबर जेवायचं, असं ठरलं. ती पायताणं त्याला मापानं घेतल्यासारखी बसली. तात्यांनी नेहमीची हाक मारली, तशी आतून गर्जना आली, "काय मामा?" गिऱ्हाईक हातातलं ताट टाकून पळालं. आम्ही खूश झालो. तात्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पैलवानाला एक नवा तांब्या देऊन वाटेला लावलं. मी तडक समोर गेलो.

"आवं तात्या, दुकान धुऊन नेतील की तुमचं!"

"नेऊ देत." तात्या पायताणांना तेल लावत होते. "आत दुसरं कुणी बसलं, म्हंजे ती आत न्हाई हे ठरलंच की रं."

मी परत येऊन मशीनवर बसलो, पण पाय चालेना.

थोड्या दिवसांनी मोठी पिशवी घेतलेला एक परका तात्यांच्या दुकानात शिरला. मी शिवण टाकून दारात आलो.

"पैलवान, उठू नगंस रं! गिऱ्हाईक हाय!"

तात्या एक खोकला मावेल एवढं थांबले. पडदा हलला नाही.

"कोण हाय आत?" परक्यानं विचारलं.

"पैलवान," तात्या म्हणाले. "झोपलीया."

"झोपली?" त्याला हसू आलं. "पैलवान?"

"व्हय," तात्या म्हणाले. "जरा हळू बोला."