कुंदाताईंचे एकवीस निवांत दिवस

"एकवीस दिवसांत मी निवांत होऊन दाखवते! लिहून ठेवा!" असं कुंदाताईंनी भर सकाळी जाहीर केलं. हरिहररावांनी ते लिहून ठेवलं नाही, कारण ते चष्मा शोधत होते, आणि त्यांचा चष्मा कुंदाताईंनीच शोधून द्यायचा असा त्या घराचा कायदा होता. हरिहरराव वकील. बोलायचं ते सगळं कोर्टात बोलून येत. घरी फक्त विचारत.

सगळं सुरू केलं ते लेकीनं. पुण्याच्या अश्लेषानं आईला मोबाइलवरच्या एका कार्यशाळेत बसवलं. तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "काय मिळवायचं ते ठरवू नका. आधी स्वतःला विचारा, मला कसं वाटायला हवं? मग तसं वाटेल असं काहीतरी रोज करा. एकवीस दिवस, खंड न पाडता!"

हे कुंदाताईंना संसाराच्या सव्वीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. त्यांना विचारलं जाई ते भाजी कोणती, टॉवेल कुठाय, किल्ली कोणाजवळ. अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये सकाळी स्वयंपाक, संध्याकाळी सातवीपर्यंतच्या पोरांची ट्यूशन आणि मधल्या वेळात दारावरची बेल. त्यांनी वहीत मोठ्या अक्षरात 'निवांत' असं लिहिलं आणि लिहितानाच त्यांना रडू आलं. एक तास! दिवसातला एक तास आपला असावा, एवढंच कुंदाताईंचं मागणं होतं.

बेत पक्का झाला. दुपारी तीन ते चार गच्चीवर बसायचं. थंडीचे दिवस, ऊन सोसवणारं. कार्यशाळेतल्या बाईंनी फिके कपडे, मंद सुवास आणि मौन सांगितलं होतं. कुंदाताईंनी फिकट पिवळी साडी नेसली. सुवासाची मेणबत्ती कुठून आणणार? उदबत्ती लावली. तहान लागली तर असावा म्हणून पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला, वही मांडीवर घेतली आणि डोळे मिटले.

आता तुम्हीच सांगा, हे कशासारखं दिसत असेल!

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची चंदा कपडे वाळत घालायला आली आणि जागीच थबकली.

"काय वं कुंदाताई, व्रत धरलं का?"

कुंदाताईंनी जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. तोंड उघडलं तर मौन मोडणार!

"सांगायचं नसते का? बरं बरं! मौन हाये वाट्टे!" असं म्हणत चंदानं आधी वहीला नमस्कार केला, मग कुंदाताईंना.

चंदाचं माहेर बार्शीटाकळीचं आणि कुंदाताईंचं सासरही तिथलंच. संध्याकाळच्या आत बातमी सासूबाईंकडे पोचली. सुनेनं कधी साधा सोमवार धरला नाही, हे दुर्गाबाईंचं जुनं दुखणं होतं. दुसऱ्या दिवशी अकोल्याला एसटी बदलून त्या हजर! सोबत उद्यापनाला निखाऱ्यांत भाजायच्या रोडग्यांसाठी जाडं दळलेलं पीठ, पोतंभर.

"मी म्हणतच होतो, माई सून वाईट नाई!" त्यांचे डोळे भरून आले होते.

"अहो आई, हे व्रत नाही! मला कसं वाटायला पाहिजे, त्यासाठी आहे."

"म्हंजे मनातला हेतू! सांगू नको माय, सांगितला तं फळत नाई."

"पण आई..."

"गप! किती दिवसाचं?"

"एकवीस," कुंदाताईंच्या तोंडून निघून गेलं. इथेच सगळं संपलं. जे एकवीस दिवस चालतं ते व्रत नाही, हे दुर्गाबाईंना पटवून देणारा वकील अमरावतीत नव्हता. घरात होता तो चष्मा शोधत होता.

त्या दिवसापासून तीन ते चार दुर्गाबाई सुनेशेजारी गच्चीवर बसू लागल्या. मौनाला पहारा म्हणून!

"चंदाऽऽ! मिक्सर बंद कर वं! माया सुनेचं मौन हाये!"

शांतता राखण्यासाठी त्या इतक्या ओरडत, की रस्त्यावरचे स्कूटरवाले वर पाहू लागले. हळूहळू गल्लीतल्या बायका दर्शनाला येऊ लागल्या. कुंदाताईंनी लेकीला फोन लावला.

"आई, सुरुवातीला अडथळे येतातच. तू वहीत मनातलं लिहीत राहा."

"काय लिहू? वहीची पूजा होऊन राहिली इथं! हळदकुंकू वाहून पानं चिकटली!"

नवव्या दिवशी तीन वाजले तरी त्या गच्चीवर गेल्या नाहीत. खाटेवर पडून राहिल्या. दुर्गाबाई दारात उभ्या.

"मोडलं? मोडलं तं पयल्या दिवसापासून धरा लागते!"

"करून टाक ना," हरिहरराव पहिल्यांदाच बोलले. "तेराच तर दिवस राहिले."

कुंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. याच माणसासाठी आपण सव्वीस वर्षं चष्मा शोधला, असं वाटून त्यांना स्वतःचाच राग आला. मग त्या उठल्या, पिवळी साडी नेसल्या आणि जिना चढल्या.

एकविसाव्या दिवशी उद्यापन. गच्चीवर गोवऱ्या पेटल्या, निखाऱ्यांत रोडगे भाजायला पडले, धुरानं चंदाचे कपडे काळे झाले. कुंदाताईंच्या बसायच्या खुर्चीवर वांग्यांचं पोतं होतं. बार्शीटाकळीचे नातेवाईक आले, चांदूर बाजारहून नणंद आली, आणि रोडगे म्हटल्यावर हरिहररावांनी अख्खं वकील मंडळ बोलावलं. कुंदाताई पहाटेपासून वांगी चिरत होत्या. रडत होत्या तेही कोणाला कळलं नाही, कारण धुरानं सगळेच रडत होते.

पंगत बसली. दुर्गाबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. एकवीस दिवसांत पहिल्यांदा त्या गच्चीवर खरी शांतता झाली.

"सांग माय, हेतू पुरा झाला का?"

"आणि... नाही झाला तर?"

"तं पुन्हा धरा लागते! दुप्पट!"

बेचाळीस दिवस! "झाला!" कुंदाताई ओरडल्या. "पूर्ण झाला! अगदी निवांत वाटतंय!"

टाळ्या पडल्या. दुर्गाबाईंनी सुनेला पोटाशी धरलं.

"बाप्पा! म्हंजे फळलं! फळलेलं व्रत सोडता येत नाई बरं का. आता दर साली!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला घर शांत होतं. कुंदाताईंनी चिकटलेली पानं सोडवून एक कोरं पान काढलं. मला कसं वाटायला हवं? बराच विचार करून त्यांनी लिहिलं, 'काही नाही वाटलं तरी चालेल.'

"काय लिहून राहिली वं?" आतून दुर्गाबाईंचा उत्सुक आवाज आला. "नवं धरून राहिली का?"

"नाही हो आई!" कुंदाताईंनी घाईघाईनं ती ओळ खोडून टाकली आणि खाली लिहिलं, 'वांगी, तीस किलो. यंदा कमी पडली.'