गंगा धरून बावीस रुपये

"काशीत राहून कुणाकडे काही मागायचं नाही हो, अंबिके," असं मामंजी सांगून गेले होते. मंगळागौरीच्या देवळाजवळच्या मुलींच्या शाळेत अंबिकाबाईंनी ते अकरा वर्षं पाळलं. पगार नऊ रुपये. पण लेक बकुळ हिला प्रयागला शिक्षिकांच्या ट्रेनिंगमध्ये जागा मिळाली आणि तिथे राहण्या-जेवण्याचेच महिना दहा रुपये निघाले. त्याच आठवड्यात सोलापूरहून जाऊबाईंचं पत्र आलं. त्यांची लेक शरदिनीही याच संस्थेच्या तिथल्या शाळेत पहिलीच्याच वर्गाला शिकवी, तिला बावीस. बे दुणे चार दोन्हीकडे सारखेच होत होते.

आपल्यालाही बावीस मिळावेत, असा अंबिकाबाईंनी अर्ज केला.

संस्थेच्या कचेरीतले हेडक्लार्क दीनानाथबाबू यांनी चष्मा पुसला. "बहिनजी, शोलापूर में गंगाजी हैं?"

"नाहीत."

"तो फिर?"

लेखी उत्तर सविस्तर आलं. 'ज्या स्नानासाठी यात्रेकरू शेकडो मैलांवरून पदरमोड करून येतात, ते अर्जदारास नोकरीच्या ठिकाणीच उपलब्ध आहे. सबब उर्वरित तेरा रुपये पुण्यरूपाने दरमहा पोहोचत आहेत.'

अंबिकाबाई हळूच म्हणाल्या, "तापाने पडले की स्नान चुकतं, बाबूजी. त्या दिवसांचे तरी?"

"वाजिब है." बाबूंनी हिशेब पुन्हा मांडला, तर त्यात कार्तिकस्नान आणि दोन ग्रहणं सापडली. त्या पर्वांचं पुण्य शतपट. म्हणजे बाईंना जास्तीचंच पोहोचलं होतं. वसुली सुरू झाली. पगार सात रुपये.

"यावर काही उपाय?"

"गंगाजी छोड दीजिए. लिखकर दीजिए, पूरे बाईस ले जाइए."

अंबिकाबाईंनी संकठादेवीच्या देवळात माथा टेकला. मग कचेरीत जाऊन सही केली: 'नोकरीत असेतो गंगास्नान करणार नाही.'

गल्ली हादरली. "बाई म्हणजे मूर्तिमंत त्याग," असं अकरा वर्षं म्हणणारे वेणीमाधवशास्त्री ओट्यावरून कडाडले, "पैशापायी गंगा विकली हो!" शास्त्रीबुवा थंडी बाधते म्हणून स्वतः घरीच ऊन पाण्याने नाहत, पण ते फुकट, त्यामुळे त्यांची निष्ठा शाबूत होती. सभा भरली. ठराव झाला की या बाईंच्या हाती मुली देऊ नयेत. कुणी श्रद्धाळू बाई नेमावी, नऊ रुपयांवर. खाली सह्यांना जागा बरीच सोडली होती. वाचकहो, आपल्या मुलाच्या मास्तरांना महिना काय मिळतं हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर त्यातली एक जागा तुमची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबिकाबाईंनी घरच्या विहिरीवर स्नान उरकलं आणि घाटाच्या पायऱ्यांकडे पाठ करून बकुळच्या ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी बकुळनं.

"आई, प्रयागात तर तीन नद्या गं. मला काय पगार देतील?"

"चल, गाडी चुकेल," त्या म्हणाल्या. तुला मी स्वतः पोहोचवीन, असा लेकीला शब्द दिला होता. दोघी स्टेशनच्या वाटेला लागल्या.