तो मला पाण्यात फेकतो

बुद्धप्रिया मॅडमनी पूनमला मागच्या दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, "उदाहरणाची वाक्यं मोठ्यानं पाठ करू नकोस. निदान घरात तरी नको. व्याकरणातली वाक्यं बाहेरच्या माणसाला पोलीस केस वाटतात." मॅडम नांदेडला भाषाविज्ञान शिकवायच्या आणि पूनमच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक होत्या. पूनम तेव्हा हसली होती. "मॅडम, मी काय म्हणते ते ऐकायला आमच्या घरी रिकामं कोण आहे?"

पूनमचं माहेर मुखेडचं, सासर लातूरचं आणि अभ्यासाचा विषय मात्र थेट कॅलिफोर्नियातला. तिथं एका नदीकाठी राहणाऱ्या आदिवासींची करुक नावाची भाषा आहे. ती बोलणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. या भाषेत क्रियापदाला मागून छोटी छोटी शेपटं लागतात. नुसतं 'फेकलं' म्हणून सुटका नाही. पाण्यात फेकलं तर एक शेपूट, आगीत फेकलं तर दुसरं, घराबाहेर फेकलं तर तिसरंच. शिवाय कुणी कुणाला फेकलं, तेही क्रियापदाच्या तोंडाशी चिकटवायचं. सोमवारी अकरा वाजता नांदेडला जाऊन पूनमला समितीपुढं हे सगळं मांडायचं होतं. आधीच्या दोन तारखा सृष्टीच्या तापात गेल्या होत्या. तिसरी हुकली तर नोंदणी रद्द, असं पत्रच विद्यापीठातून आलं होतं.

शनिवारी दुपारी चार वर्षांची सृष्टी खिडकीच्या गजांना लोंबकळत होती. पूनमचा एक डोळा तिच्यावर, एक वहीवर. मॅडमना ऐकवायला म्हणून तिनं फोनवर बोलून ठेवायला सुरुवात केली. एक करुक शब्द, मग त्याचा अर्थ. "तो मला पाण्यात फेकतो." करुक शब्द. "तो मला आगीत फेकतो." करुक शब्द. "तो मला उंचावरून खाली फेकतो." एका हातात फोन आणि दुसऱ्यानं सृष्टीला खालून आधार, म्हणून आवाज जरा धापा टाकल्यासारखाच येत होता. "तो मला घराबाहेर फेकतो," एवढं झालं आणि सृष्टीनं गज सोडून फळीवरच्या डब्यांना हात घातला. "अगं थांब! नको! पडशील!" पूनम ओरडली, मुरमुऱ्याचा डबा धाडकन खाली आला आणि तिच्या अंगठ्यानं घाईघाईत सगळं पाठवून टाकलं.

अंगठा पडायचा होता मॅडमच्या नावावर. पण त्याच मिनिटाला कुणीतरी 'मुखेड परिवार' या ग्रुपवर शुभ दुपारची फुलं टाकली होती, त्यामुळं ग्रुप उडी मारून मॅडमच्या वर येऊन बसला होता. पूनमनं मुलीची नखं, गुडघे, डोकं तपासलं, मुरमुरे गोळा केले आणि आता अभ्यासच करायचा म्हणून फोन बंद करून कपाटात ठेवला.

मुखेड परिवारात त्रेचाळीस माणसं होती.

तिची आई केवळाबाई यांनी तो आवाज तीनदा ऐकला. मग मुलाला, शिवशंकरला, हाक मारली. शिवशंकरनं बहिणीला फोन लावला, तो बंद. अकरा वेळा लावला, अकराही वेळा बंद. मग त्यानं दाजींना, म्हणजे पूनमच्या नवऱ्याला, दयानंदला लावला. दयानंद डाळमिलमध्ये हिशेबनीस होता. तिथं मशिनींच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं कळत नाही.

"दाजी, पूनमला द्या जरा!"

"ती अभ्यासात हाय! सोमवारपर्यंत तिला कुनाशी बोलायचं न्हाई! मीच सांगितलंय, खोलीच्या बाहीर यायचं न्हाई!"

"काय?"

"ठेवतो! भट्टीपाशी जायचंय!"

शिवशंकरनं फोन खाली ठेवला. "आई," तो म्हणाला, "भट्टी म्हनून राहिलेत."

रविवारी सकाळी आठ वाजता लातूरच्या त्या गल्लीत जीप येऊन उभी राहिली. चालवायला बिलोलीचा श्रीशैल होता, पूनमच्या चुलत्याचा मुलगा. त्याच्या शेजारी शेषेरावकाका. मुखेडच्या आसपास कुणाच्या संसारात काही बिनसलं, की बैठकीला शेषेरावकाका लागतात. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बाँडपेपर होता. मागं शिवशंकर आणि केवळाबाई. केवळाबाईंनी लेकीसाठी रिकामी पिशवी आणली होती, कपडे भरायला.

दयानंद बनियनवर दात घासत दारात आला. "अरे, या या! न सांगता?"

"सांगून आलो असतो तर लपून बसला असता," श्रीशैल म्हणाला आणि बाह्या वर सरकवल्या.

कुणी चपला काढल्या नाहीत. केवळाबाई थेट आत गेल्या आणि वहीवर झोपलेल्या पूनमचे हात उलटेपालटे करून बघायला लागल्या. एका मनगटावर भाजल्याची लाल रेघ होती, परवाच्या भाकरीची.

"आगीत," केवळाबाई म्हणाल्या आणि तिला हाताला धरून बाहेर आणलं.

बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली गेली. दयानंदच्या तोंडाला फेस तसाच होता. चूळ भरायला जाऊ का, असं त्यानं विचारलं तर श्रीशैल म्हणाला, "बसा गप. मागचं दार कुटं हाय ते ठावं हाय आमाला."

"जावई," शेषेरावकाकांनी सुरुवात केली, "बैठक हाय. खरं बोलायचं. पोरीला नदीत फेकायचं कारन काय?"

"कोन्त्या नदीत?" दयानंद म्हणाला. "लातूरला नदी कुटं हाय काका? आठवड्यातून एकदा नळ येतो."

"उलटं बोलू नका!" श्रीशैलनं मांडीवर थाप मारली. "आमच्या लेकीला हात लावतो म्हन्जे काय! बाईमानसावर हात टाकनाऱ्याचा हातच मोडून ठेवावा, असं आपलं मत हाय."

शिवशंकरनं फोन काढला आणि सतरंजीच्या मधोमध ठेवला. पूनमचाच आवाज धापा टाकत खोलीत घुमला. पाण्यात. आगीत. उंचावरून. घराबाहेर. मग 'नको, थांब', मग डबा.

"आनी मधी मधी कायतरी बरळून राहिली," केवळाबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, "भान सुटल्यावानी."

पूनमला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तिला हसू फुटलं आणि ते आवरेना. केवळाबाईंनी तिचं डोकं छातीशी धरलं. "झालं. पोरीच्या डोस्क्यावर परिनाम झाला."

"आई, सोड. ते करुक आहे! भाषा आहे ती."

"कुटली?" शेषेरावकाका म्हणाले. "तेलंगी?"

"अमेरिकेतली. एका नदीकाठची."

"किती लोक बोलतेत?"

"आता फार थोडे."

"मंग तू कुनाशी बोलायला शिकून राहिली?"

याचं उत्तर तिला समितीपुढंही द्यावं लागणार होतं आणि ते अजून तयार नव्हतं. शेषेरावकाकांनी बाँडपेपर काढून मांडीवर ठेवला.

"दबावाखाली हाय पोरगी," श्रीशैल म्हणाला. "नवऱ्यासमोर कशी बोलंल? पिशवी भरा काकू. लेकरू बरोबर, समदं बरोबर. उद्या-परवा बघू काय ते."

"उद्या मला नांदेडला जायचंय!" पूनमचा आवाज चढला. "उद्या नाही गेले तर तीन वर्षं पाण्यात!"

"आयकलं?" केवळाबाई म्हणाल्या. "परत पान्यातच म्हनून राहिली."

तेवढ्यात सृष्टी डोळे चोळत बाहेर आली. शेषेरावकाकांचा चेहरा उजळला. लहान लेकरू खोटं बोलत नाही, यावर त्यांच्या कितीतरी बैठका मिटल्या होत्या. त्यांनी तिला जवळ घेतलं. दयानंदनं मान डोलावली, बरं झालं, पोरगीच सांगंल.

"बाळा, पप्पा मम्मीला फेकतेत का?"

"हाव," सृष्टी म्हणाली.

शेषेरावकाका पुढं सरकले.

"कुटं फेकतेत?"

"पान्यात. मंग आगीत. मला बी फेकलं. पलंगावरून." सृष्टीनं आठवून बोटं मोजली. "मंग मम्मी मेली."

"मंग?"

"मंग उठून तिनं मला वरनभात दिला."

श्रीशैल तोवर उठून दयानंदच्या बनियनला हात घालायच्या बेतात होता, तो मध्येच थांबला. शेषेरावकाकांनी चष्मा काढून पुसला. "मेल्यावर वरनभात?"

"काका, खेळ आहे तो!" पूनम घाईघाईनं सांगायला लागली. "मला शेपटं लक्षात राहावीत म्हणून आम्ही तिघं रोज संध्याकाळी खेळतो. चादर म्हणजे नदी, लाल ओढणी म्हणजे आग. त्या भाषेत तर याला पण एक शेपूट आहे. एखादी गोष्ट खरी केली नाही, खोटंखोटं, खेळात केली, तर क्रियापदाला ते लावतात. ते सांगायचंच राहिलं, डबा पडला."

"म्हन्जे त्या लोकांत," शेषेरावकाका सावकाश म्हणाले, "मारलं म्हनलं की खरं मारलं का खोटं मारलं, ते बी त्यातच कळतंय?"

"हो."

"आन आपल्यात?"

"आपल्यात विचारावं लागतं."

शेषेरावकाकांना हे पटल्यासारखं दिसलं, पण पुरावा हवा होता. पूनमनं कपाटातून फोन आणून चालू केला आणि मॅडमना लावून मोठा आवाज ठेवला. शिवशंकरनं ते रेकॉर्डिंग पुन्हा वाजवलं.

"पूनम," बुद्धप्रिया मॅडम म्हणाल्या, "तिसऱ्या शब्दाचा उच्चार साफ चुकलाय. उद्या समितीपुढं असं म्हणालीस तर मी तुला ओळख देणार नाही. आणि ही कोण माणसं आहेत तिथं? रविवारी सकाळी अभ्यास सोडून गर्दी कसली जमवलीय?"

शेषेरावकाका नकळत ताठ बसले. "मास्तरीन खरी हाय," ते हलक्या आवाजात म्हणाले आणि बाँडपेपर घडी करून खिशात घातला. "बैठक मोडली. पोरगी हितंच ऱ्हाईल. जावई, चूळ भरा."

मग घर एकदम सैल झालं. चपला दाराबाहेर गेल्या. केवळाबाई रिकामी पिशवी पाठीमागं लपवत स्वयंपाकघरात शिरल्या आणि कालच्याच मुरमुऱ्यांना कांद्याची फोडणी देऊन सुशीला परतायला लागल्या. शिवशंकर दाजींच्या पाया पडला. दयानंद म्हणाला, "भट्टी म्हन्जे डाळीची भट्टी ओ." श्रीशैल सगळ्यांत मोठ्यानं हसला, दयानंदच्या पाठीवर थापा मारल्या आणि दुसऱ्यांदा ताटली पुढं केली. "सुशीला लई भारी. आमच्याकडं किती बी सांगा, असं जमतच न्हाई. सांगून सांगून हात दुखतेत."

पूनम ओट्यापाशी उभी राहून ग्रुप बघत होती. माफी मागायची होती. वर एकशे बारा निरोप पडले होते. धीर धर. आम्ही निघालो. पोलिसात जा. हात जोडलेले, मुठी आवळलेल्या, रडणारे चेहरे. ती एकेक वाचत वर वर गेली. अगदी वर, तिच्या रेकॉर्डिंगनंतर चौथ्याच मिनिटाला, एक निरोप होता. तो महादेवीवहिनीचा होता, श्रीशैलच्या बायकोचा.

'ताई, नदी सोडली तर बाकी समदं आमच्याकडं बी हाय.'

त्याखाली सात मिनिटांनी, तिचाच दुसरा. 'गंमत केली ओ ताई. मनावर घेऊ नका.'

त्यानंतर एकशे दहा निरोप. सगळे पूनमसाठी.

पूनमनं दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग वहिनीचा नंबर लावला.

बाहेरच्या खोलीत श्रीशैलच्या खिशात फोन वाजायला लागला. श्रीशैलनं ताटली खाली ठेवली, खिशात हात घालून आवाज बंद केला आणि दुसऱ्या खिशातला स्वतःचा फोन उगाच काढून बघितला.

"कुनाचा रे?" शेषेरावकाकांनी विचारलं.

"तिचा. बिघडलाय. दुरुस्तीला आनलाय."

"रविवारी?"

"लातूरला उगडी असतेत की दुकानं," श्रीशैल म्हणाला आणि दाराकडं बघायला लागला.

पूनमनं गॅस बंद केला. कपाटातून दोन साड्या, सृष्टीचे फ्रॉक, स्वेटर, तापाचं औषध आणि अभ्यासाची वही काढली. केवळाबाईंच्या पाठीमागची पिशवी ओढून घेतली आणि भरायला लागली.

"अगं, आता कशाला?" केवळाबाई म्हणाल्या. "काकांनी निकाल दिला की."

"मी येते तुमच्याबरोबर जीपमधून," पूनम म्हणाली आणि पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत आली.

दयानंदनं चहाचा कप खाली ठेवला. "पूनम? आपलं मिटलं ना?"

"आपलं मिटलं हो. मी मुखेडला नाही चालले, बिलोलीला चालले. वहिनीला भेटून वर्ष झालं. उद्या पहाटे तिथूनच नांदेडची एस्टी धरीन. वहिनीला पण नेईन बरोबर, सृष्टीला सांभाळायला."

"ती न्हाई यायची," श्रीशैल म्हणाला. "तिला बरं न्हाई."

"काय झालंय?"

"असंच. पडली घरात."

"कशी पडली?" पूनमनं विचारलं.

श्रीशैलनं शेषेरावकाकांकडं बघितलं, काकांनी पूनमकडं. तिनं फोन त्यांच्या हातात दिला, त्या दोन ओळींवर बोट ठेवून. काकांनी चष्मा लावून वाचलं. मग चष्मा काढला आणि श्रीशैलपुढं हात केला.

"किल्ली दे. जीप शिवशंकर चालवंल. तू मागं बस, माझ्या शेजारी."

लातूरहून बिलोली साडेतीन-चार तासांवर आहे आणि अहमदपूरच्या पुढं रस्ता खोदलेला आहे. पूनम सृष्टीला मांडीवर घेऊन पुढं बसली आहे आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघते आहे. वहिनीला फोन लावून उपयोग नाही, तो मागं बसलेल्या श्रीशैलच्या खिशात आहे. म्हणून तिचं तुमच्याकडं एक काम आहे. वाचणाऱ्यांत कुणी बिलोलीचं असेल तर आठवडी बाजाराच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून एक घर आहे, तिथं जाऊन या. विरजण मागा, नाहीतर पत्ता चुकला म्हणा. महादेवी म्हणून हाक मारा. ती आतून 'बरी हाय' म्हणाली तरी लगेच परत फिरू नका. दार उघडेपर्यंत थांबा.