कोपऱ्यातला ओट

सोयाबीन काढल्यावर रान उघडं टाकू नका, ओट हे धान्य पेरा, असं ओफेलिया सहकारी संस्थेच्या प्रत्येक बैठकीत सांगायची. मुळं जमिनीत कुजतात, पिकाने हवेतून घेतलेला कार्बन मातीत साठत जातो, वर्षागणिक माती काळी होत जाते. शेजारी माना डोलवायचे आणि रान उघडंच टाकायचे. म्हणून यंदा तिने वडिलांच्या शेतातली माती तपासायला पाठवली. वडील गेल्याला अजून वर्ष झालं नव्हतं. तिच्या शब्दाखातर तिथे ओट पेरून त्यात राबले होते ते.

निकाल पाहून ती खुर्चीतून उठलीच. पूर्वीच्या तपासणीपेक्षा कार्बन तिप्पट! दुसऱ्या कोणत्याही कृषी इंजिनियरला शंका आली असती; ओफेलियाला आनंद झाला. "शनिवारी या," तिने भर बैठकीत सांगितलं, "तुमच्यासमोर खणते."

शनिवारी सगळे आले. ओफेलिया फावडं घेऊन थेट निलगिरीखालच्या कोपऱ्याकडे निघाली.

"तिकडे नको गं," शेजारचे इपोलितो म्हणाले; सगळे त्यांना आदराने 'डॉन' म्हणायचे. "चिखल आहे."

"पाऊस कुठे पडलाय?"

"मग साप असतील."

पण तिने नमुना तिथूनच घेतला होता, कारण ओट तिथे सर्वांत जोमदार होता. पहिल्या फावड्याला काळीभोर माती आली. "रंग बघा!" ती म्हणाली. दुसऱ्याला कोळसा आला. तिसऱ्याला गाईची बरगडी.

"अगं बाई," संस्थेच्या झुलेमाबाई म्हणाल्या, "ओटाला बरगड्या कधीपासून यायला लागल्या?"

कोणी हसलं नाही. ओफेलियाचे कान तापले. शेतभर फिरून माती घ्या, हे इतरांना शिकवणारी ती. आणि स्वतः डोळ्यांना आवडलेल्या जागेवरून चुलीचा कोळसा उचलून पाठवला होता!

"इथे चूल कोणी पेटवली?"

सगळे आपापले बूट बघू लागले. शेवटी डॉन इपोलितोंनी टोपी काढली. "तुझ्या बाबांनी. दर रविवारी."

"रविवारी ते ओट बघायला यायचे."

"बघायचे की. मांस भाजता भाजता."

डॉक्टरांनी मांस बंद केल्यापासून ती त्यांना उकडलेला भोपळा वाढत होती, बिनमिठाचा. ते 'छान झालाय' म्हणायचे.

"आणि तुम्ही सगळे?"

"मी नुसती कोशिंबीर आणायचे हो," झुलेमाबाई पुटपुटल्या.

"मला सांगायचं तरी!"

"शपथ घातली होती त्यांनी," डॉन इपोलितो म्हणाले. "म्हणायचे, पोर एवढं मन लावून उकडते, तिला कळता कामा नये."

ओफेलियाने फावडं जमिनीत रोवलं. "हा निकाल खोटा आहे. मी सगळ्या शेतातली माती पुन्हा पाठवीन. वाढ असली तरी थोडीच असेल. तोवर माझं ऐकू नका."

"ओटाचं बियाणं कधी येतंय?" डॉन इपोलितोंनी विचारलं.

"काहीही सिद्ध झालेलं नाही, डॉन इपोलितो!"

"असू दे. माझ्यासाठी ठेव."

"माझ्यासाठीपण," झुलेमाबाई म्हणाल्या. मग एकेकाने मान डोलवली. या वेळी तिच्याकडे न बघता. इतक्या बैठकांनी झालं नव्हतं ते एका बरगडीने केलं.

सगळे पांगल्यावर तिने डॉन इपोलितोंना थांबवलं.

"मीठ घालत होतात?"

"छे छे! मीठ अजिबात नाही!" ते घाईघाईने म्हणाले. मग तिच्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली. "मूठभर."

ओफेलियाने बरगडी परत खड्ड्यात ठेवली आणि वर माती लोटली.

"बरं केलंत," ती म्हणाली.