कोऱ्या बाजूवरची सही

आमच्या कार्यालयात सीडी हा कागदच समजला जातो. तसा लेखी आदेश नाही. पण सीडी हा कागद नाही असाही आदेश नाही, आणि सरकारी कामात एवढं पुरतं. कागदाला निदान पंचिंग मशीननं भोक पाडावं लागतं, सीडी भोकासकटच येते. ही बाब सर्वप्रथम माझ्या लक्षात आली. तेव्हापासून प्रत्येक सीडी फाइलच्या दोरीत, म्हणजे टॅगमध्ये, ओवली जाते आणि टाचण्या लावलेल्या कागदांच्या मध्ये बसवली जाते. आजवर एकही सीडी गहाळ झालेली नाही. ती वाजते का, हा प्रश्न तपासणीच्या नमुन्यात नसल्यामुळे कोणी विचारलेलाही नाही.

शिवाय फाइलमधल्या प्रत्येक जोडपत्रावर अभिलेखपालाची सही लागते. अभिलेखपाल मी, सोमनाथ. सीडीच्या एका बाजूला फोटो स्टुडिओची जाहिरात छापलेली असते, दुसरी बाजू कोरी आणि चकचकीत. जाहिरातीवर सही करणं पदाला शोभत नाही, म्हणून मी कोऱ्या बाजूवर करतो. बॉलपेननं, दाबून.

सगळं सुरळीत चाललं होतं. एका संध्याकाळी पुंडलिकनगरच्या आमच्या घरी आई मेथी निवडत बसली होती. मधेच हात थांबवून म्हणाली, "सोमनाथ, तुझ्या दादांचा आवाज मला आठवंना झालाय रं."

दादा म्हणजे माझे वडील, रामकिसन. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. भिंतीवर फोटो आहे, आवाज मात्र कुठंच नाही. त्यांच्याकडं मोबाइल होता, पण बॅटरी झिजू नये म्हणून ते तो बंद करून कोनाड्यात ठेवायचे.

"त्वांड दिसतं डोळ्यापुढं," आई म्हणाली. "रागानं बघत्यात तेबी दिसतं. पर बोलत नायत. पैठणच्या रानातल्या विहिरीचं भांडण झालं, तवा त्येंची साक्ष झाली व्हती ना? क्यामेरा लावला व्हता. ती तबकडी तुझ्याच हापिसात हाय नव्हं?"

"आहे की," मी अभिमानानं म्हणालो. "टॅगमध्ये आहे."

"मंग ऐकव की एकदा. मी काय जलमाला पुरणाराय व्हय?"

ज्या कपाटात ती फाइल आहे, ते माझ्या खुर्चीच्या पाठीमागंच आहे. किल्ली माझ्या खिशात. दुसऱ्या कुणी हात मागं करून फाइल काढली असती. पण मी वशिल्याच्या विरोधात आहे, विशेषतः लोक बघत असताना. मी रीतसर अर्ज लिहिला, खिडकीबाहेरच्या रांगेत उभा राहिलो, पाळी आल्यावर अर्ज आत सरकवला आणि आत येऊन तो स्वीकारला. कारणाच्या रकान्यात अर्जदारानं 'आईला आवाज ऐकायचा आहे' असं लिहिलं होतं. हे कारण नियमात बसेना. मी त्रुटी काढून अर्ज स्वतःला परत केला. खरं सांगतो, मला अर्जदाराचा रागच आला. नियम वाचून यायला लोकांना होतं काय?

शेजारच्या टेबलावरचा ओवैस बघत होता. "सोमनाथभाऊ, कपाट तुमच्या पाठीमागंच है ना? हात लंबा करो, काम खतम."

"आज आईसाठी हात लांब केला, तर उद्या मावशीसाठी करावा लागेल."

ओवैसनं स्वतःसाठी चहा मागवला.

त्रुटीविरुद्ध मी अपील केलं. आमच्या अधिकारी फहमिदा मॅडमनी अर्जदाराचं नाव वाचलं, अर्ज नाकारणाऱ्याचं नाव वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "सोमनाथराव, तुमचं स्वतःशी पटत नाही का?"

"कार्यालयीन वेळेत नाही, मॅडम."

त्यांनी मंजुरी देऊन टाकली. फाइल उघडली, तर टाचण्यांनी सीडीचा पार घासलेला तवा करून टाकला होता. सही तेवढी ठसठशीत होती. बरं, आमच्या नव्या संगणकांना सीडी घालायची जागाच नाही. अर्जासोबत सीडी जोडणं मात्र अजून सक्तीचं आहे.

ओवैसच्या भावाचं, बासितचं, मुकुंदवाडीला पूर्वी सीडीचं दुकान होतं. आता तो तिथंच मोबाइलची कव्हरं विकतो. अभिलेख कार्यालयाबाहेर नेता येत नाही, म्हणून बासितच आपला जुना प्लेअर आणि छोटा टीव्ही घेऊन आला. येताना टूथपेस्टही आणली. आईला रिक्षानं आणलं. ती ठेवणीतली साडी नेसून आली होती. माझ्या टेबलासमोर ती पदर सावरून बसली, तेव्हा मला पहिल्यांदा थोडी भीती वाटली.

बासित कापसाच्या बोळ्यानं टूथपेस्ट चोळू लागला. चरे फिके पडत गेले. बोळा सहीपाशी पोचला, तसा मी त्याचा हात धरला. "सही सोडून."

"भाई, असली लोचा तो उधरीच है."

"सही पुसणं म्हणजे अभिलेखात खाडाखोड. नोकरी जाईल."

"किसकी?"

"माझी."

"पण शिकायत कौन करेगा?"

"मीच करीन," मी म्हणालो. "करावीच लागेल."

बासितनं ओवैसकडं पाहिलं. ओवैसनं मान हलवली. सही सोडून बाकी सीडी लख्ख झाली.

प्लेअर खरखरला, आणि टीव्हीवर दादा आले. टोपी नीट करून म्हणाले, "माझं नाव रामकिसन." आईनं टेबलाची कड घट्ट धरली. विहीर कुणी खोदली, असं कुणीतरी दादांना विचारलं.

"मी आन् माझ्या मंडळीनं," दादा म्हणाले. "तिनं डोक्यावर माती वाह्यली. म्या कधी तिला तोंडावर बोललो नाय, पर..."

आणि सीडी अडकली. पर... पर... पर...

"पर काय?" आईनं टीव्हीलाच विचारलं. दादा पर, पर करत राहिले. मग ती माझ्याकडं वळली. "पर काय रं, सोमनाथ?"

"खाला, आगे की बात सही के नीचे है," बासित हळूच म्हणाला.

"मंग पुस की ती सही."

फहमिदा मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. "मी काही पाहत नाहीये," असं म्हणून त्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या. ओवैसनं बोळा माझ्या हातात दिला. मी तो सहीवर टेकवलासुद्धा. पण सहीखाली तारीख होती आणि तारखेखाली माझा हुद्दा. माझा हात हलेना. मी म्हणालो, "आई, नियमात नाही गं."

बासितनं प्लेअर बंद केला, तेव्हा आईनं फक्त पदर तोंडाला लावला.

अर्जदाराला रिकाम्या हाती पाठवायची आमची पद्धत नाही. मी सीडीची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढली, 'खरी नक्कल' असा शिक्का मारला आणि आईच्या हातात दिली. ती नक्कल आता दादांच्या फोटोखाली लावलेली आहे. परवा तिच्यावर बोट फिरवत आई म्हणाली, "आवाज नाय येत हितून. पर तुझी सही लई झ्याक उमटलीया."

फाइलवर मी शेरा मारला: अभिलेख सुस्थितीत.

तुम्ही आता मला शिव्या घालत असाल. घाला. पण आधी सांगा, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज तुम्ही कुठं ठेवलाय? 'असेल मोबाइलमध्ये कुठंतरी' असंच मनात आलं ना? उघडून बघितलंय का कधी? नाही ना? मग काळजी नसावी. मी लवकरच निवृत्त होतोय, आणि माझ्या खुर्चीला अशाच माणसाची गरज आहे.