कलामावशीचा चहा आणि माझी टी-टेस्ट

सुरतजवळच्या अख्ख्या उधन्यात त्या काळी टी-टेस्ट येणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे मी! तशी मी कुठे चौकशी केली नव्हती. पण खात्री होती.

मी हेमराज. धुळ्याहून स्टॅटिस्टिक्स घेऊन बी. एस्सी. झालो आणि पंच्याण्णव साली सुरतला येऊन नगीनशेठच्या डाइंग मिलमध्ये चिकटलो. शेठनी बिलं छापायला एक कॉम्प्युटर घेतला होता. मिलमध्ये माणसं घामानं निथळायची आणि कॉम्प्युटर एसीत बसायचा! त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे. जेवढं देवळात वाकत नसतील तेवढं लोक तिथे वाकायचे. आणि त्या गाभाऱ्यातला पुजारी मी! बिलं छापून झाली की मी बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहायचो. कुणाला कळत नसत, त्यामुळे त्यांच्यात चूकही निघत नसे.

तेवढ्यात मिलवर संकट आलं. आमच्या कॉफी रंगाच्या साड्यांचा रंग जायला लागला. जालन्याच्या एका व्यापाऱ्यानं कळवलं की पहिल्याच धुण्यात गिऱ्हाइकाची साडी आणि तिच्या नवऱ्याचे सगळे शर्ट एकाच रंगाचे झाले! एक एजंट नवीन रंग घ्या म्हणून मागे लागला होता. शेठचं काही ठरत नव्हतं. मी म्हटलं, हेमराज, हीच वेळ!

केबिनमध्ये शेठ नेहमीप्रमाणे दोन फोन दोन कानांना लावून बसले होते.

"शेठ, टी-टेस्ट करू का?"

शेठनी एक फोन खाली घेतला. "टी-टेस्ट? आपडी मिलमां?"

"हो, कॉम्प्युटरवर! रंग फिका का पडतो, पाण्यात किती उतरतो, सगळं बाहेर येईल."

"हां, रंग तो फिक्को ज होय छे," शेठ एकदम पेटून म्हणाले. "अने पाणी केटलुं बधुं! करी नाख!"

पाण्याचं शेठना एवढं काय, असं क्षणभर वाटलं. पण म्हटलं, जुना माणूस आहे, रंगातलं खोल कळत असेल!

आता टी-टेस्ट म्हणजे काय ते सांगतो. घाबरू नका. दोन वस्तूंत खरंच फरक आहे की नुसता योगायोग, एवढंच ती बघते. सुरुवातीला धरून चालायचं की 'काहीच फरक नाही'. ह्या समजुतीला म्हणतात एच-झिरो. मग मोजमापं घ्यायची, गणित करायचं, आणि फरक फारच मोठा निघाला तर ती समजूत रद्द. रिजेक्ट! म्हणजे रंग रिजेक्ट नाही, साडी रिजेक्ट नाही. समजूत रिजेक्ट. हे मला लख्ख माहीत होतं. मुश्कील एवढीच की ते फक्त मलाच माहीत होतं.

जुन्या आणि नव्या रंगाच्या कापडाचे तुकडे गरम पाण्यात भिजवायला मला पुष्कळ ग्लास हवे होते. गेलो कॅन्टीनमध्ये, कलामावशीकडे.

कलामावशी म्हणजे पारोळ्याकडची. बाई उंचीनं बेताची, आवाजानं मात्र मिलच्या भोंग्याएवढी! मी आणि वर्षा लग्नानंतर सुरतेत उतरलो तेव्हा बमरोलीला तिच्याच चाळीतली खोली आम्हाला तिनंच मिळवून दिली, आणि वर्षाला स्वतःचा स्टोव्हही दिला. सासू नाही ती उणीव वर्षाला तिनं भासू दिली नाही. म्हणजे दोन्ही अर्थांनी!

"इतला ग्लास कशाले रे?" मावशीनं विचारलं.

मी जरा छाती काढून म्हणालो, "टी-टेस्ट आहे, मावशी. शेठचा हुकूम!"

मावशीनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. ग्लास दिले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या चहात दूध वाढलं, वेलची आली, वर तरंगणारी जाड साय आली! बाकीच्यांना अर्धा ग्लास, मला काठोकाठ. मी मनात म्हटलं, बघा, विद्येचा मान!

माझे ग्लास कॉम्प्युटरच्या खोलीत रांगेनं मांडलेले होते. कॉफी रंगाच्या साड्यांचे तुकडे भिजवलेले, त्यामुळे पाणी कसलं दिसत असेल ते तुम्हीच ताडा! काचेच्या दारातून आमचे टाइमकीपर रघुनाथभाऊ येता-जाता डोकावायचे. हा माणूस वऱ्हाडातला, आणि मिलमधलं इंग्रजी वाचण्याचा मक्ता त्यांच्याकडे. एकदा मी जेवायला गेलो असताना भाऊ चपला काढून आत शिरले, एका ग्लासात बोट बुडवलं आणि चाटलं! हे मला नंतर कळलं. पण त्यांचं बोट आणि जीभ पुढे बरेच दिवस कॉफी रंगाची दिसत होती, हे मात्र मी पाहिलं होतं. मला वाटलं, तंबाखू.

शेवटी मी रंग उतरल्याचे आकडे प्रोग्रॅममध्ये भरले, बटण दाबलं. प्रिंटर करकरला आणि कागद बाहेर आला: "टी-टेस्ट रिझल्ट: एच-झिरो रिजेक्टेड!" फरक सिद्ध! नवा रंग सरस! असा आनंद झाला की तो कागद शेठकडे नेण्याआधी मी नोटीस बोर्डावर लावला. लोकांनी बघायला नको का?

लोकांनी बघितला. रघुनाथभाऊंनी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

"टी म्हंजे चहा. टेस्ट म्हंजे चव. रिजेक्टेड म्हंजे नापास!"

"अन् ते एच-झिरो?" कुणीतरी विचारलं.

"हायजीन झिरो! सोच्छता शून्य!" भाऊ म्हणाले. "बाप्पा, मी सोता चाखला ना थो चहा! अजून जीभ बधिर हाय माही!"

संध्याकाळी घरी गेलो तर स्टोव्ह थंड. वर्षा हाताची घडी घालून दारात.

"चहा?" मी म्हटलं.

"कशाला? नापास करायला?"

"कुणाला नापास केलं मी?"

"आख्खी चाळ बोलतेय! जिनं आपल्याला छप्पर दिलं तिच्या चहात किडे काढले तुम्ही, आणि तेही बोर्डावर लावून! मावशी नळावर रडली आज."

कलामावशी रडली? ती ओरडली असती तर एक वेळ चाललं असतं!

सकाळी धावतच मिलमध्ये गेलो. कॅन्टीनला कुलूप! पातेली पालथी, शेगडी विझलेली. आणि कॅन्टीन बंद म्हणजे काय, ते त्या दिवशी समजलं. कापड रंगवायच्या जेट मशीनवरचे कारागीर जांभया देत उभे. कुणी तापत्या मशीनजवळ डुलक्या घेतोय, कुणी लाल शेडच्या टाकीत हिरवा रंग ओततोय! शेवटी सगळ्यांनी हात वर केले. चहा नाही तर काम नाही.

शेठनी मला आणि मावशीला केबिनमध्ये बोलावलं. मावशी आत आली ती माझ्यावरच.

"काय रे हेमराज, मना चहा नापास करा का तू? सुरतले उना तवय कोनी चहा पाजा तुले?"

"मावशी, आईशप्पथ, ती टेस्ट चहाची नव्हतीच! शेठ, तुम्ही तरी सांगा!"

शेठनी दोन्ही फोन खाली ठेवले. पहिल्यांदाच! "चानी ज हती ने! में ज तो पास करेली! पाणी घणुं होय छे, एवुं में ज कह्युं हतुं!"

"शेठ! ती साडीच्या रंगाची टेस्ट होती! नवा रंग घ्यायचा की नाही त्याची!"

"नवो रंग?" शेठ म्हणाले. "ए तो में क्यारनो लई लीधो. एजंट मारा साळानो दोस्त छे."

रंग कधीचाच घेऊन झाला होता! म्हणजे एवढी टेस्ट केली कुणासाठी?

पण मावशी कुठे ऐकते! रंगबिंग सगळं थाप आहे असं तिचं म्हणणं. "ज्या मशीननी मले नापास करं, तेच मशीन आते सर्वासमोर पास करी!" शेठनाही पटलं. कॉम्प्युटरनं बिघडवलं, कॉम्प्युटरच सुधारेल. ठरलं! कलामावशीचा चहा विरुद्ध गेटसमोरच्या लारीचा, म्हणजे हातगाडीवरचा चहा. प्रत्येकाला खूण न केलेले दोन ग्लास, कोणता कुणाचा ते फक्त मला ठाऊक, दहापैकी गुण, आणि निकाल कॉम्प्युटरचा.

मी तर खूश! मावशीचा चहा सरस हे शेंबडं पोरही सांगेल. ह्या वेळी घोटाळा नको म्हणून मी एच-झिरोला हद्दपार केलं आणि प्रोग्रॅमला अगदी सरळ शब्दांत बजावलं: फरक मोठा असेल तर बघ. मावशीचा आकडा जास्त असेल तर 'लारी रिजेक्टेड' छाप. नाहीतर 'कलाबाई रिजेक्टेड' छाप. नाहीतरची वेळ येणारच नव्हती, पण लिहिताना वाक्य पुरं करावं लागतं ना!

कॉम्प्युटर आणि प्रिंटर मिलच्या आवारात आणून मांडले आणि गर्दी जमली. कारागीर एकेक करून आले, दोन्ही ग्लास प्यायले, पुन्हा प्यायले, घाम पुसला आणि गुण दिले. दहा, दहा. पुढचा आला. दहा, दहा. त्याच्या पुढचा. दहा, दहा!

"अरे, नीट सांगा ना!" मी कुजबुजलो.

"भाऊ, मावशीचा ग्लास कोणता ते तू सांग, मग नीट सांगतो," एक जण तितक्याच हळू म्हणाला. "उगाच तिलाच नऊ दिले तर? उद्यापासून तिच्याच हातचा प्यायचाय!"

सगळ्यांनी दोघांना दहाच्या दहा दिले. मावशी एकेका आकड्याला मान डोलावत होती. मी आकडे भरले, बटण दाबलं.

आता इथे काय झालं ते समजून घ्या. सगळ्यांचे गुण सारखे, म्हणजे फरक शून्य. गुणांतला चढउतारही शून्य. शून्याला शून्यानं भागायची पाळी! माणूस असता तर थांबला असता. पण आमचं बेसिक थांबत नसे. शून्यानं भागलं, अशी एक ओळ पडद्यावर कुरकुरायचं आणि उत्तर म्हणून त्याला येत असलेला सगळ्यात मोठा आकडा ठोकून द्यायचं! झालं, फरक प्रचंड मोठा ठरला. मग त्यानं पाहिलं, मावशीचा आकडा जास्त आहे का? नाही, सारखा आहे. जास्त नाही ना? मग नाहीतर!

प्रिंटर करकरला. रघुनाथभाऊंनी कागद फाडला आणि माझ्या आधी वाचला.

"कलाबाई रिजेक्टेड!"

सगळे मावशीकडे वळले.

"दहाच्या दहा मिळाले तरी नापास?" कुणीतरी पुटपुटलं.

"मावशी, थांबा! मशीन चुकलं!" मी ओरडलो. जीव खाऊन ओरडलो. "मशीनचं काही ऐकू नका! खरं मी सांगतो! तुमच्या चहात आणि लारीच्या चहात काहीच फरक नाही!"

हे वाक्य तोंडातून निघालं आणि कळलं की मशीन परवडलं.

"काहीच फरक नही?" मावशीचा आवाज इतका हळू मी कधीच ऐकला नव्हता. "मना चहामा आनि त्या लारीना चहामा?"

तिनं कमरेची सांडशी काढली. गर्दी दोन पावलं मागे सरली. पण मावशीनं ती माझ्या हातात ठेवली.

"ले. आते तूच कर चहा. सर्वा मिलना."

मी घाबरलो नाही. गणित येणाऱ्या माणसाला चहाचं काय! एका कपाला लागतं ते सामान गुणिले माणसं. साखर गुणली, पत्ती गुणली, आलंही गुणलं. आलं अख्खं टोपलीभर निघालं, पण गणित म्हणजे गणित! कच्च्या दुधात सगळं एकदम ठेचून टाकलं आणि ढवळत बसलो. थोड्या वेळानं दूध फाटलं. वर पांढऱ्या गुठळ्या, खाली पिवळं पाणी, आणि वाफ अशी की जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांतून धारा!

तरी ग्लास वाटले. कारागिरांनी एकेक घोट घेतला आणि सगळे गटाराकडे वळले. मी मान खाली घातली. त्या घोळक्यात, शेगडीच्या धगीत, पहिल्यांदाच मला वाटलं की धुळ्याला परत जावं.

इतक्यात शेठ फोनवर बोलत बोलत बाहेर आले. ट्रेमधला ग्लास उचलला, बोलता बोलता गटागट रिकामा केला, मिशीला लागलेली गुठळी पुसली आणि म्हणाले, "वाह! आजे चा सरस छे! पाणी जराय नथी!"

मावशीनं शेठकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पातेल्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून ती जी हसायला लागली, ती शेगडीला धरून खालीच बसली!

"ज्याले हाऊ चहा गोड लागस," तिला बोलवेना, "त्याना मिलमा पास व्हवापेक्षा तुनी मशीनकडथून नापास व्हयेल बरं! आन ती सांडशी. भांडं जळी राहिनं!"

संध्याकाळच्या पाळीला कॅन्टीन सुरू झालं. घरीही चहा मिळाला, जरा उशिरा.

तेव्हापासून मावशी चहाचा ग्लास माझ्या हातात देते आणि कमरेवर हात ठेवून विचारते, "कसा शे?" मी स्टॅटिस्टिक्सचा माणूस. पुरावा हाती आल्याशिवाय मत देऊ नये, हे मला पुरतं ठाऊक आहे. पण खरं सांगतो, ग्लास ओठाला लागायच्या आधीच मी 'एक नंबर!' म्हणून मोकळा होतो.